पाणथळ जागा, सहावा मजला

कवळीकाराच्या गॅलरीतला पालक शेवटी कापला गेला, शिजला आणि तिघांनी मिळून तो खाल्ला. चव बरी होती. मीठ किंचित जास्त पडले होते.

हे घडलेले नाही. घडले नसल्याची नोंद पाणथळ विभागाच्या वहीत आहे, नोंदीवर शिक्का आहे आणि शिक्क्यावर सही आहे. शिक्का बसलेल्या गोष्टीशी वाद घालण्याची या कथेची प्राज्ञा नाही. तेव्हा वाचकांनीही वरचा परिच्छेद आपण वाचलाच नव्हता असे धरून चालावे. पालक गॅलरीत आहे. चोवीस रोपे आहेत. टवटवीत आहेत.

कवळीकार हा एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवत असे. मेण वितळवायचे, साचा काढायचा, गुलाबी हिरड्यांत एकेक दात रांगेने बसवायचा आणि शेवटी कानशीने घासून गिऱ्हाइकाच्या तोंडाला शोभेल असा करायचा. वीस वर्षे मूळ नसलेले दात बनवल्यावर माणसाला माती नसलेल्या भाजीचे आकर्षण वाटले, तर तो त्याचा दोष मानू नये. इमारतीत त्याला सगळे कवळीकार म्हणत. खरे नाव फक्त वीजबिलावर उरले होते.

एके दिवशी त्याच्या फोनवर एक प्रसन्न गृहस्थ अवतरला. त्याच्या मागे हिरवीगार भिंत होती आणि अंगात पांढरा शुभ्र सदरा. "माती हा आता भूतकाळ झाला," असे त्याने सांगितले. पुढे 'घरच्या घरी हायड्रोपोनिक्स, फक्त सहा पायऱ्या' अशी अक्षरे नाचत आली. पाइप लावा, भोके पाडा, बी रुजवा, रोप बसवा, पाणी फिरवा, खा. कवळीकाराने सहाही पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या. सातवी पायरी सरकारी कार्यालयाची असते. ती त्या गृहस्थाने सांगितली नाही, कारण त्याची भिंत भाड्याच्या स्टुडिओत होती.

सामान आले. चार पांढरे पाइप, प्रत्येकाला सहा भोके. चाळीस लिटरची निळी टाकी. पाणी फिरवणारा मुठीएवढा पंप. रोपे ठेवायला जाळीचे चोवीस कप. खताच्या दोन बाटल्या, 'अ' आणि 'ब', ज्यांची थेट भेट घडवायची नाही, आधी पाण्यात ओळख करून द्यायची. गॅलरी सात फुटांची. तिथे आजवर कपडे वाळत. बायकोने दोरी सोडली, पण अटीवर.

"दीड महिना," ती म्हणाली. "दीड महिन्यात ताटात पालक आला नाही, तर पाइप खाली आणि दोरी वर. तोवर घरात ओले टॉवेल अंगावर येतायत ते मी सहन करते."

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. पाण्याचा आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या तीच आणून देई. त्यामुळे या उद्योगावर बोलण्याचा शास्त्रीय अधिकार घरात फक्त तिला होता. पण बोलत असत त्या सासूबाई. म्हणजे बायकोची आई. गुडघ्यांमुळे त्या गेल्या वर्षापासून लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराला लागून होता. पहिल्या दिवशी टाकीतून पाइपात जाणारी नळी त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"जावईबापू, पालकाला सलाइन लावलंय का?"

"पाणी फिरतं ठेवावं लागतं, सासूबाई."

"मला डॉक्टर तेच सांगतो. मी फिरत नाही तरी जगतेच आहे."

पालकही जगला. ओल्या स्पंजात बी फुटले, कोंब आले, कोंबांची रोपे झाली आणि तिसऱ्या आठवड्यात जाळीच्या कपांतून मुळे खाली लोंबू लागली. पांढरीशुभ्र, धुतल्यासारखी. कवळीकार रोज सकाळी एकेक कप उचलून मुळे तपासत असे. "आ करा," असे तो पालकाला म्हणत नसे, एवढेच. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्या हातून पहिल्यांदाच अशी काही वस्तू घडत होती, जी चावायला नव्हती, चावून खायला होती.

इथवर सगळे सुरळीत होते. मग सातव्या मजल्यावरच्या सचिवांनी, म्हणजे इमारतीच्या समितीच्या सचिवांनी, आपल्या गॅलरीतून खाली वाकून पाहिले. सचिव हे निवृत्त गृहस्थ होते आणि खाली वाकून पाहणे हा त्यांचा व्यायाम होता.

"हे पांढरं काय आहे?"

"पाइप."

"त्यातलं हिरवं?"

"पालक."

सचिव आत गेले आणि नियमावली घेऊन थेट दारात आले. गॅलरीत काय ठेवता येईल याची तिच्यात यादी होती. कपडे, खुर्ची, कुंडी. कुंडीपुढे कंसात 'मातीसह' असे छापलेले होते.

"तुमच्याकडे माती नाही," सचिव खेदाने म्हणाले. "माझं वैयक्तिक काहीच म्हणणं नाही हं. पालक मलाही आवडतो. पण उद्या कोणी विचारलं तर? तुम्ही फक्त एक कागद आणून ठेवा."

"कसला कागद?"

"याला कुठलाही कागद लागत नाही, असा."

"लागत नाही, तर आणायचा कशाला?"

"बाकी काही लागत नाही. पण हा लागतो."

आपल्याच पायावर पाडायला धोंडा लागतो, आणि तो धोंडा सहसा दुसरा कोणीतरी प्रेमाने हातात आणून देतो. दुसऱ्या दिवशी कवळीकार दंतवैद्याकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन सरकारी कार्यालयात गेला.

खिडकी क्रमांक चारमध्ये एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज दिला आणि सांगितले, "एकही रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना दिसला की साहेबांना संशय येतो." अर्ज झाडांचा होता. झाड की झुडूप? मुळे कशात आहेत? माती, दगड, की इतर? कवळीकाराने 'इतर' वर खूण करून पुढे लिहिले, 'पाण्यात'. त्याखाली होते, 'कायम की तात्पुरती?' हातात पेन आणि मनात अभिमान असला की माणूस नको तितके खरे लिहितो. त्याने लिहिले, 'कायम. बाराही महिने.' आणि त्याखाली रेघ मारली.

"सोबत मूळ आणि त्याची छायाप्रत," बाई खिडकीतून म्हणाल्या.

"मूळ आणायचं?"

"मूळ दाखवायचं, छायाप्रत जोडायची. नेहमीचंच आहे."

बाईंना मूळ म्हणजे घराचा मूळ कागद हवा होता, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. कवळीकाराच्या आले नाही. त्याच्या धंद्यात मूळ म्हणजे दाताचे मूळ, आणि अलीकडे पालकाचे. या कार्यालयाने पालकाचे मूळ पाहायला मागावे, यात त्याला उलट काटेकोरपणाच दिसला. इतके बारकाईने काम करणारी माणसे आहेत तर देशात, असेही त्याला वाटून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याने सर्वांत लांब मुळांचे रोप निवडले, ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवले आणि आधी छायाप्रतीच्या दुकानात नेले. दुकानदाराने काचेवर मुळे पसरताना विचारले, "रंगीत की काळी-पांढरी?" त्याच्याकडे दिवसभर लोक येत. आश्चर्य करायला त्याला परवडत नसे.

बाईंच्या पुढ्यात डबा उघडला गेला. सतरा वर्षांच्या नोकरीत बाईंनी फाटके मूळ पाहिले होते, वाळवी लागलेले पाहिले होते, चहा सांडलेले पाहिले होते. ठिबकणारे पाहिले नव्हते.

"हे ओलं आहे," त्या म्हणाल्या.

"पाण्यातलंच आहे ना."

मागे रांगेत एकोणीस माणसे होती आणि जेवणाच्या सुट्टीला सहा मिनिटे. त्यांनी तपासणीची यादी पाहिली. 'मूळ पडताळले' पुढे चौकोन होता. मूळ कसले असावे हे यादीत लिहिलेले नव्हते. त्यांनी रोप उचलले, छायाप्रत शेजारी धरली, एकेक तंतू जुळवून पाहिला आणि शेरा लिहिला, 'मूळ पाहिले. ओले आढळले. छायाप्रतीशी तंतोतंत जुळते.' मग शिक्का मारला. शिक्का जरा फिस्कटला, कारण कागदही ओला झाला होता.

त्या कार्यालयात एक चांगली शिस्त होती. शेऱ्यात 'जळाले' असा शब्द आला की फाइल अग्निशमनकडे जाई, 'पडले' आला की बांधकामाकडे आणि 'ओले' आला की पाणथळ विभागाकडे. पाणथळ विभाग तळघरात होता. तिथे गेल्या अकरा वर्षांत एकही फाइल आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात दारावरची घंटा वाजली. बाहेर एक सडपातळ, सौम्य पाहणी अधिकारी उभा होता. एका हातात मोजपट्टी, बगलेत जाडजूड नोंदवही आणि पायात गुडघ्यांपर्यंत रबरी बूट. लिफ्टमधून सहाव्या मजल्यावर तो त्याच बुटांनी आला होता.

"बूट काढू का?" त्याने विचारले. मग स्वतःच म्हणाला, "नको. नियम आहे. पाणथळ जागेत उतरताना बूट सक्तीचे."

तो गॅलरीत उतरला. तीन पाइपांना वळसा घालून चौथ्याशी थांबला. एक कप उचलून मुळे पाहिली, टाकीत बोट बुडवले, बोट पुसले आणि नोंदवही उघडून व्याख्या वाचून दाखवली. "'ज्या जागी वनस्पतींची मुळे वर्षभर पाण्याखाली असतात, अशी कोणतीही जागा, मग ती नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, लहान असो वा मोठी.' तुमची मुळे वर्षभर पाण्याखाली असतात असं तुम्हीच लिहून दिलंय. खाली रेघही मारलीय." त्याचा आवाज किंचित भरून आला. "अभिनंदन. आपल्याकडे तळं झालं."

"हा पालक आहे," कवळीकार म्हणाला.

"काठावरची वनस्पती," अधिकाऱ्याने लिहून घेतले.

"काढायला आलाय. रविवारी भाजी करणार आहोत."

अधिकाऱ्याचे पेन थांबले. "पाणथळ जागेतली वनस्पती तोडता, उपटता, वाहून नेता किंवा शिजवता येत नाही."

"शिजवता? असं लिहिलंय?" बायको आतून बाहेर आली.

"'अन्यथा हाताळता' असं लिहिलंय, मॅडम. शिजवणं त्यात येतं."

तळे राखील तो पाणी चाखील, असे म्हणतात. इथे तळे राखणाऱ्याला पालाही चाखता येईना. कवळीकाराने मग शहाणपणाचे बोलून पाहिले. "जाऊ दे. नको आम्हाला पालक. मी टाकी बेसिनमध्ये ओतून देतो, पाइप काढून टाकतो. विषय संपला."

"तळं बुजवणार?" अधिकारी एक पाऊल मागे सरकला. बूट फरशीवर कर्रकन वाजले. "माझ्यासमोर बोललात ते मी ऐकलं नाही असं समजतो. फौजदारी गुन्हा आहे तो."

"अहो, चाळीस लिटर पाणी आहे!"

"गुन्ह्याला लिटर नसतात."

मग त्याने मोजपट्टी उलगडली. तळ्याच्या काठापासून तीस फुटांत मनुष्यवस्तीला मनाई होती. पट्टीचे एक टोक त्याने टाकीपाशी दाबून धरायला कवळीकारालाच दिले आणि दुसरे घेऊन तो आत निघाला. सासूबाईंच्या पलंगावरून पट्टी गेली, जेवणाच्या टेबलाखालून गेली, स्वयंपाकघरातून गेली आणि मागच्या भिंतीला टेकली. बावीस फूट.

"घर संपलं," अधिकारी म्हणाला, "आणि आठ फूट अजून शिल्लक आहेत."

"मग ते आठ फूट शेजारच्यांकडे जातात का?" बायकोने विचारले. घर फिरले की वासे फिरतात, पण बायकोचे डोके त्या क्षणी उलट नीट चालू लागले होते.

"भिंत म्हणजे बांध. बांधापलीकडे काठ मोजत नाहीत."

"आमच्या आत तीन भिंती आहेत!"

"आतल्या भिंती विभाजक. विभाजक म्हणजे बांध नव्हे."

"आणि वरती? सातवा मजला काही तीस फूट वर नाही."

सचिव वरच्या गॅलरीतून वाकलेले होतेच. ते घाईघाईने म्हणाले, "पाण्याला वरचा काठ नसतो हो!" अधिकाऱ्याने विचार केला आणि हे विधान शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असल्याचे मान्य केले.

सासूबाई पलंगावर उठून बसल्या. "म्हणजे मी आता कुठे बसलेय?"

"तळ्याच्या काठावर, आजी."

"छान. तळ्याकाठी घर असावं असं मी यांना लग्न झाल्यापासून सांगत होते. ते गेले, आणि तळं आलं. आता तळं म्हणतंय, तूही जा."

तीस दिवसांत घर रिकामे करण्याची नोटीस टाइप करूनच आणलेली होती. बायकोने ती वाचली, घडी घातली आणि अगदी शांतपणे विचारले, "साहेब, एक सांगा. शहरातली खरी तळी बुजवून लोकांनी इमारती बांधल्या. त्यांचं काय केलंत?"

"त्यांचं काही करता येत नाही, मॅडम. त्यांनी परवानगी घेतली होती."

कुठेतरी पाणी मुरते आहे, असे बायकोला वाटले. ते नेमके कुठे मुरते आहे हे अधिकाऱ्याने नोंदवहीचे पान उलटून दाखवले. अकरा वर्षांपूर्वी बुजवलेले एक तळे तिथे लाल शाईत होते. चौदा एकर. कमळे, बगळे, सुमारे नऊशे बेडूक. ठिकाणाच्या रकान्यात याच इमारतीचा पत्ता होता.

"आपण उभे आहोत, त्याच्या साधारण साठ फूट खाली," अधिकारी पायाने फरशीवर हलकेच ठोकत म्हणाला. "परवानगी देताना अट घातली होती. एका तळ्याच्या बदल्यात त्याच आवारात एक पर्यायी तळं. एकास एक. किती मोठं ते लिहायचं राहून गेलं. यंदाच्या वर्षअखेर ते झालं नसतं, तर परवानगी रद्द होऊन अठ्ठेचाळीस घरं बेकायदा ठरली असती. तुम्ही वाचवलंत सगळ्यांना." त्याने लाल ओळीपुढे निळ्या शाईत लिहिले, 'पर्यायी तळे प्राप्त. सहावा मजला.'

कवळीकाराला घर घेतानाचा दिवस आठवला. तेव्हा खाली गाड्यांच्या जागेत एक बेडूक बसला होता. ओलसर वासही येत होता. त्याने बायकोला म्हटले होते, "बघ, निसर्ग!" आणि सही केली होती. हे त्याने अधिकाऱ्याला सांगितले नाही. आपल्याला तरी हे वाचकांना सांगायची काय गरज होती, पण गेले आता लिहिले.

त्या रविवारी खालच्या सभागृहात इमारतीची सभा झाली. आजवर कोरम न भरल्याने सगळ्या सभा तहकूब होत. या सभेला उभे राहायला जागा नव्हती. पाचव्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी पंपाच्या गुणगुणीबद्दल दोन वेळा तक्रार केली होती, त्यांनी कवळीकाराला स्वतःची खुर्ची दिली.

"त्याग वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही," सचिव म्हणाले आणि पुढची वीस मिनिटे तेच शब्द वापरत राहिले. मग टाळ्या झाल्या. मग चहा.

"पण आम्ही राहायचं कुठे?" कवळीकाराने विचारले.

"तोच प्रश्न आम्हालाही सतावतोय," काकू म्हणाल्या. "तुम्ही नसाल तेव्हा पंप बंद नाही ना पडणार?"

"मी पालकाबद्दल नाही, आमच्याबद्दल विचारतोय, काकू."

"तुम्ही तरुण आहात हो. तुमचं होईल. तळ्याचं वय बघा, अजून दीड महिनाही झाला नाही."

निर्णय एकमताने झाला. कवळीकाराचे मत मोजले गेले नाही, कारण नोटीस आल्यापासून तो रहिवासी नव्हता.

तीस दिवसांनी ती तिघे दंतवैद्याच्या मागच्या खोलीत राहायला गेली. मेणाचा वास, साच्यांची धूळ आणि फळीवर रांगेने हसणाऱ्या चौतीस कवळ्या. "माणसं बरी आहेत इथली," सासूबाई कवळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "निदान तोंडावर हसतात तरी." पण दुसऱ्या आठवड्यात ओल आणि प्लास्टरच्या भुकटीने त्यांना खोकला धरला. मग मात्र त्या चेष्टा करायच्या थांबल्या. घरात असे पहिल्यांदाच झाले, आणि बायको घाबरली.

तिने नियम मिळवून मुळापासून वाचून काढले. काठाच्या तीस फुटांत माणसाला मनाई होती. तिघांना मात्र मुभा होती. पाणपक्षी, बेडूक आणि अभ्यासक. अभ्यासकाला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत थांबता येत होते, गळ्यात दुर्बीण असली तर. बायकोने शाळेतून तीन दुर्बिणी आणल्या. त्या दिवसापासून हे कुटुंब सकाळी आपल्याच घराच्या दारात वहीत सही करून आत जाई, सासूबाई गळ्यात दुर्बीण अडकवून स्वतःच्या पलंगावर पडत आणि दिवस मावळायच्या आत तिघेही आपल्या घराला 'येतो' म्हणून निघत. सचिव घड्याळ लावून दारात उभे असत.

"दोन मिनिटं उशीर," ते म्हणत. "माझं काही नाही हो. पण तळं आपल्या सगळ्यांचं आहे."

अशा एका मंगळवारी दुपारी अभ्यास करता करता तिघांना भूक लागली. त्या दुपारी काय झाले ते झालेले नसल्याने इथे लिहिता येत नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही, एवढेच सांगता येईल.

तिमाही पाहणीला अधिकारी आला तेव्हा पाइपांत चोवीस रिकामी भोके होती आणि टाकी कोरडी ठणठणीत. तो बूट घालून बराच वेळ त्या भोकांकडे पाहत उभा राहिला. मग नोंदवही उघडून त्याने लिहिले, 'रोपे चोवीस. टवटवीत. पाणी काठोकाठ.'

"साहेब, खाल्लं आम्ही," कवळीकार म्हणाला. त्याने दोन्ही हात पुढे केले, बेड्या घालायला सोपे जावे म्हणून. "गुन्हा कबूल आहे."

"काय खाल्लंत?"

"पालक! तळं संपलं. पकडा मला."

"तळं संपलं असं मी लिहिलं, तर संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस घरं बेकायदा होतील. त्यात लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत." तो खरोखरच कळवळून बोलत होता. "वहीत तळं आहे. मग तुम्ही ते खाल्लेलं नाही."

बायको पुढे आली. "बरं. तळं वहीत आहे ना? मग इथे पाणी नाही, पालक नाही, काठ नाही. आईला खोकला झालाय. आम्ही घरात राहायला येतो."

"कसं येता येईल? तळं आहे ना."

"कुठे आहे?"

"वहीत. म्हणून तर राहता येत नाही."

सासूबाईंनी दुर्बीण उलटी धरून त्याच्याकडे पाहिले. त्यात तो फार लहान आणि फार लांब दिसत होता. मग त्या खोकल्या आणि दुर्बीण हातातून खाली पडली.

"एक विचारतो," कवळीकार म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "तळं सहाव्या मजल्यावरच हवं, असं कुठे लिहिलंय?"

अधिकाऱ्याने वही चाळली. "नाही. 'त्याच आवारात' एवढंच आहे. आवारात कुठेही चालेल. दुसऱ्याने मागितलं तर नाव बदलून देतो."

त्या संध्याकाळी कवळीकाराने कवळ्यांच्या उजेडात बसून हिशेब मांडला. वर्षाचे आठवडे बावन्न, घरे अठ्ठेचाळीस. प्रत्येक घराने एक आठवडा तळे सांभाळले, म्हणजे एक आठवडा घराबाहेर राहिले, तर कोणालाच घर सोडावे लागत नाही, आणि चार आठवडे तळ्यालाही सुट्टी मिळते. त्याने तक्ता केला, लिफ्टमध्ये लावला आणि दोरीने पेन बांधून ठेवले. लोकांनी तक्ता वाचला. कल्पना उत्तम असल्याचे सगळ्यांनी सांगितले. पाचव्या मजल्यावरच्या काकूंचे परदेशातून पाहुणे यायचे होते. कोणाच्या मुलाची परीक्षा होती. सचिवांनी तर सही करायला पेन हातात घेतलेही होते, पण त्यांचे बूट घरात नव्हते. चौथ्या दिवशी तक्ता कोरा होता आणि पेन कोणीतरी नेले होते.

तेव्हा कवळीकाराने तक्त्याच्या मजकुरात थोडी दुरुस्ती करून त्याचा अर्ज केला आणि सर्वत्र पाठवला. त्याची एक प्रत इथे जोडली आहे.

'प्रति, या इमारतीतील व या इमारतीबाहेरील सर्व घरमालक, घरमालकिणी, आणि घर घ्यायचा विचार करणारे.

'विषय: तळे नेण्याबाबत.

'महोदय, महोदया, खाली सही करणाऱ्याच्या घरी एक तळे आहे. ते स्वच्छ असून आवाज करत नाही. त्याच्या घरी एक आजारी वृद्धा आहे, जिला रात्री आपल्या पलंगावर झोपायचे आहे. तरी आपण हे तळे वर्षातून एक आठवडा आपल्या घरी न्यावे व तेवढे दिवस घराबाहेर राहावे. न्यायला पिशवी पुरते. ज्यांचे घर तळ्यावर, ओढ्यावर, दलदलीवर किंवा दुसऱ्या कोणाच्या घरावर उभे नाही, त्यांनी तसे लेखी कळवल्यास त्यांना वगळण्यात येईल. आपले घर कशावर उभे आहे हे ज्यांनी कधी विचारलेच नाही, त्यांनी कृपया दोन आठवडे न्यावे, ही नम्र विनंती.'